जाड राणी

३ ऑगस्ट, धुळे
भावाकडे कानबाईचा सण, प्रसादाचे रोट. भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, घरातच संपवायचे. मी लग्न केलं नाही, म्हणून अजून हक्काची! वाढताना चुलतभाऊ भूपेंद्र म्हणतो, "चिंता कशाले? मेघा शे ना! बठ्ठा रोट ती संपाडी टाकी." पोरीच्या जाडीवर सगळे हसले. मेघाचा बाप, माझा भाऊसुद्धा! बावीस वर्षांची पोर. हातातला तुकडा ताटात ठेवून उठली. मी भूपेंद्रला शब्दांनी असं झोडलं की सगळ्यांचं जेवण कडू झालं. होऊ दे.

९ ऑगस्ट, जळगाव
मेघाची अद्भुत कादंबरी इथला एक प्रकाशक छापायला तयार. अट एकच – शाप सुटला की राणी कस्तुरा बारीक झाली पाहिजे. फोनवर रडत होती. "फुई, काय करू?" आत्याला नाही तर कुणाला विचारणार! उडते डोंगर चालतात यांना, बोलणारे वाघ चालतात – जाड राणी चालत नाही! जाड बाई म्हणजे राक्षसीण, नाहीतर विनोदी दाई, नाहीतर कुणाचा तरी शाप. म्हटलं, तिचं एक किलो जरी कमी केलंस तरी मला तोंड दाखवू नकोस.

१७ ऑगस्ट
माझं व्याख्यान – गोष्टींतल्या जाड बायकांवर. मेघाला मुद्दाम धुळ्याहून बोलावलं. हॉल भरलेला. म्हटलं, "घोडा आकाशात उडतो हे तुम्हाला पटतं. त्यावर जाड मुलगी बसली की मात्र घोड्याची दया येते!" मागून कुणीतरी – "घोडाले इचारा ना, ताई!" हशा. मग मी मेघालाच उभं केलं. "बघा! हिच्यात काय कमी आहे?" पुन्हा तोच आवाज – "कमी काहीच नही!" छप्पर उडेल असा हशा. मी पेटले. अर्धा तास सोललं एकेकाला. टाळ्या थांबेनात!
मेघा मधेच निघून गेली. धुळ्याची बस असेल.

१८ ऑगस्ट
फोन उचलत नाही.

२ सप्टेंबर
मेघाचा मेसेज. "कस्तुरा जाडच राहिली. शेवट बदलला, प्रकाशकाला आवडला." जिंकलो!

९ नोव्हेंबर
पुस्तक आलं. कस्तुरा शेवटच्या पानावर गादीवर बसते – जाड, देखणी. त्याआधी एका चेटकिणीची जीभ कापते. चेटकीण तिची फुई. पोरीला चौकाचौकात उभं करून भाषणं ठोकणारी. चित्रात काडीसारखी बारीक.
मी आहे, अगदी तशीच काढलीय.