सात नंबरचा अर्ज

डोंबिवली (पूर्व),
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

प्रिय उत्तरा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि त्यातला चेक, दोन्ही पोचलं. नाशिकची थंडी तुला मानवली, लेकीच्या हातचं खाऊन अंग धरलंस, हे वाचून बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. आम्ही आहोत तसेच आहोत. सुधीरचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघा गप्प असला की सुधीर कुरकुरतो.

फोनच करणार होते. पण तुला आता कमी ऐकू येतं, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय सून घरातच असते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तीस वर्षं तू, मी आणि खैरून अशा तिघींनी जगाची बोलणी जोडून दिली आणि आता आपल्यालाच बोलायला पोस्टाचं तिकीट लागतंय.

आधी चहाची बातमी, कारण ती तू मागितली आहेस. रविवारी झाला. ठाकुर्लीच्या शाळेचा तोच हॉल, तेच डुगडुगणारं टेबल. बासष्ट बायका आल्या. कळव्याहून ब्लॉसम आली ती मोठा डबाभर केक घेऊन. कमरेचं दुखणं आहे, तरी डबा कुणाच्या हाती देईना. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमधल्या आठजणी पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांना कपांची पद्धत ठाऊक नव्हती, म्हणून त्या कागदी पेले घेऊन आल्या. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्र्याण्णवचा तो दंगलीचा जानेवारी सरल्यावर पुढच्या वर्षी आपण पहिला चहा केला. कोण कुणाच्या कपातून पिईल हा प्रश्न विचारायचा धीर नव्हता, म्हणून जिने तिने आपापला कप आणला. मग खैरूनने सगळे कप एका ट्रेमध्ये कालवून टाकले आणि म्हणाली, आता घ्या हाताला येईल तो. तेव्हापासून कप आपल्या घरचा आणायचा आणि चहा दुसरीच्या कपातून प्यायचा. नव्या बायकांना हे फार आवडलं. एकीने तर फोनवर चित्रणही केलं.

जमलेल्या रकमेत यंदा तीन मुलींच्या कॉलेजची फी भागेल. म्हणजे चहा झकास झाला. इथेच पत्र संपवून पाकीट चिकटवलं असतं तर तुलाही बरं वाटलं असतं आणि मलाही.

खैरून आली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता तिला स्वच्छ दिसतं. तो निळ्या काठाचा कप वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. चहा ओतता ओतता मला बाजूला घेऊन म्हणाली, “सरोज, जगाच्या पोरी शिकवल्या आपण, आणि माझीच नात म्हणते मला शिकायचं नाही. बारावीला चौऱ्याऐंशी टक्के घेऊन औषधांच्या दुकानात बिलं फाडते. मन लागत नाही म्हणे अभ्यासात. तू समजाव तिला. तुझं ऐकेल ती.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

उत्तरा, तहूराला शिकायचं नाही हे खोटं आहे. तिने जुलैत आपल्याकडे अर्ज केला होता. बी. फार्म.साठी. घरी कुणालाही न सांगता. खैरूनच्या मुलाचं कल्याणचं कापडाचं दुकान आधी रस्तारुंदीत निम्मं गेलं आणि मग उरलेलंही बंद पडलं. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं. खैरून एवढ्या वर्षांत स्वतःचं रडगाणं कधी गायली आहे?

आपली निवडीची रीत तुला सांगायला नको. ब्लॉसम अर्जावरच्या नाव-आडनावांवर खाकी कागदाची पट्टी चिकटवते, वर नंबर घालते, आणि मग बाकीच्या अर्ज वाचतात. आपली मुलगी, त्यांची मुलगी असं कुणाच्या मनातही येऊ नये म्हणून तू आणि मी ही पट्टीची युक्ती काढली होती. सभासदांच्या घरातल्या, नात्यातल्या मुलींनी अर्ज करू नये, हा नियमही आपलाच. अर्जाच्या अगदी खाली बारीक अक्षरात छापलेला असतो. यंदाच्या निवडीच्या दिवशी खैरून ऑपरेशन होऊन, डोळ्याला पट्टी बांधून घरी होती.

सात नंबरचा अर्ज मी मोठ्याने वाचत होते. ‘स्वतःविषयी’ या रकान्यात मुलीने लिहिलं होतं, माझी दादी कपाटात निळ्या काठाचा एक कप जपून ठेवते, घरातलं कुणी त्यातून चहा पीत नाही, तो वर्षातून एकदाच बाहेर निघतो. नव्या सभासद बायकांना वाटलं, असेल काहीतरी जुनी आठवण. पहिल्या वर्षी त्या कपातून चहा मी प्यायले होते.

सगळ्या सात नंबरवर खूश होत्या. मार्क चांगले, लिहिणं चांगलं, निवड झाल्यातच जमा होती. आणि मी चष्मा काढून म्हटलं, “सात नंबर सभासदाच्या घरातली आहे. नियमात बसत नाही.” कुणी विचारलंसुद्धा नाही तुला कसं कळलं म्हणून. सरोजताई म्हणतात म्हणजे असेलच. अर्ज बाजूला गेला. नकाराचं पत्र चिटणीस म्हणून मीच सही करून पाठवलं. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही लिहून टाकते. आपण सरळ वागलो, ओळखीची भीड ठेवली नाही, याचा मला चक्क अभिमान वाटला होता.

परवा मंगळवारी सुधीरच्या गोळ्यांचं निमित्त करून कल्याणला त्या दुकानात गेले. तहूरा काउंटर सोडून बाहेर आली. मी काही बोलायच्या आतच तिने विचारलं, दादीने पाठवलं ना? मी अर्जाचा विषय काढला. रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाली, “नियम आहे ना आंटी. खाली लिहिलेलं पण, मीच नीट वाचलेलं नाही. तुम्ही तरी काय करणार?”

मी म्हटलं, मी आजीशी बोलते, काहीतरी मार्ग काढू. तशी तिने माझा हात धरला. “दादीला नका सांगू. तिच्यामुळे माझं गेलं हे तिला कळलं, तर ती तो कप परत बाहेर काढणार नाही. त्यापेक्षा मला आळशी समजू दे.”

मग मी घरून ठरवून आणलेलं बोलले. फी आम्ही दोघं भरतो, माझ्या पेन्शनमधून सहज होईल, पुढच्या जूनमध्ये प्रवेश घे. ती हसली. “आम्ही पैसे मागितले नव्हते आंटी. मी फॉर्म भरलेला.” एवढं म्हणून आत गेली, गोळ्या मोजून दिल्या, सुटे पैसे दिले आणि रात्रीची गोळी जेवणानंतरच द्या म्हणून बजावलं.

काय करू सांग. खैरूनला सांगितलं तर पोरीचा शब्द मोडतो आणि म्हातारीचा जीव जातो. नाही सांगितलं तर ती दर भेटीत त्या गुणी पोरीला नावं ठेवणार आणि मी मान हलवत ऐकणार. नियम बदलावा म्हटलं तर सभेत कारण द्यावं लागेल. पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. चारी बाजूंनी विचार केला, हाती काही लागत नाही. बोलायला नको होतं तेव्हा बोलले. आता बोलायला हवं, तर तोंड उघडता येत नाही.

आणि आता ते लिहिते ज्यासाठी हे पत्र आहे. तीन दिवस टाळलं.

आठ वर्षांपूर्वी चार नंबरचा अर्ज तुझ्या भाचीचा होता. प्राचीचा. अर्ज तू तुझ्या हाताने भरला होतास. ड्यूटीच्या रजिस्टरमध्ये तीस वर्षं पाहिलेलं तुझं अक्षर मी ओळखणार नाही? पट्टी नावावर असते, अक्षरावर नसते. तुझ्या भावाची नोकरी गेलेली मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. मैत्रिणीसाठी एवढं करायलाच हवं, असं वाटलं आणि बरंही वाटलं. प्राची आज घोडबंदरला चांगल्या नोकरीत आहे, याचा मला आनंदच आहे. तुझ्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता.

पण एकच नियम. तुझ्या वेळी मला तो आठवला नाही आणि खैरूनच्या वेळी आठवला. का? नव्या सभासदांदेखत ताठ दिसायचं होतं, की आणखी काही? त्या ‘आणखी काही’पाशी येते आणि मागे फिरते. त्र्याण्णवनंतर ज्यासाठी आपण चहा सुरू केला, तेच माझ्या मनात कुठे शिल्लक असेल तर या वयात मी ते कशाने काढू?

तुला एक गोष्ट माहीत नाही, त्या निवडीला तू नव्हतीस. चार नंबरच्या वेळी माझ्या शेजारी खैरून बसली होती. रजिस्टर तिनेही तीस वर्षं पाहिलं होतं. अर्ज हातात आल्यावर ती जरा थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “चार नंबरला द्या. गरज आहे पोरीला.” त्यानंतर आजतागायत तिने हा विषय काढलेला नाही.

सभेसाठी सुचवायचं काही असेल तर लिही. ‘तू नियमाने वागलीस’ एवढं मात्र लिहू नकोस.

जावईबापूंना नमस्कार. एरवी शेवटी ‘लहानांना आशीर्वाद’ लिहिते. या वेळी तो फक्त प्राचीला कळव, तिला यातलं काही न सांगता. दुसऱ्या मुलीला आशीर्वाद द्यायला मला तोंड नाही.

जिच्यासाठी गप्प बसले, त्या तुझीच,
सरोज