माणशी कोबी

३ नोव्हेंबर
प्योंगयांगला पोचलो. वनमंत्री प्यॉन यांच्या घरी देखभालीचं काम मिळालं आहे. माझ्या खोलीची जमीन उबदार आहे, खिडकीतून विलोची झाडं दिसतात. काम चोख केलं तर राजधानीत राहायचा परवाना कायम होईल. नाहीतर परत खाणीच्या गावी. दार मंत्रीसाहेबांनीच उघडलं. म्हणाले, ये बाळा, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आलं.

६ नोव्हेंबर
साहेब रोज टाय बांधून, छातीवर नेत्यांच्या चित्राचा बिल्ला लावून फाटकाशी उभे राहतात. गाडी येत नाही. पदावरून काढल्याचं पेपरात कुठेच नाही. हसून म्हणाले, झाडांचा मंत्री ना मी, उभं राहायची सवय होते.

९ नोव्हेंबर
हिवाळ्याच्या किमचीच्या लोणच्यासाठी कोबीचा ट्रक आला. माणशी वाटा असतो. गल्लीप्रमुख ग्वॉनकाकूंनी आमच्या दारात एकाचाच उतरवला. साहेबांनी विचारलं, ग्वॉनबाई, माझा कोबी सशांनी खाल्ला का? काकूंनी वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाल्या, एकट्याला पुरेल ना रे, तोक-सू?
मी हो म्हणालो. का म्हणालो?

१० नोव्हेंबर
साहेब म्हणाले, बाई पुन्हा आली की एवढंच सांग, घरात दोघं आहोत. एकदाच सांग. मी मान डोलावली.

१४ नोव्हेंबर
काकू आल्या. घरात कोण कोण, म्हणाल्या. साहेब समोरच्या खुर्चीत, बिल्ला लावून. माझ्या परवान्याचा कागद काकूंच्या हातात.
मी म्हणालो, मी एकटाच.
काकू त्याच खुर्चीत बसल्या. साहेब कधी उठले, मला दिसलं नाही.

१७ नोव्हेंबर
खुर्ची उबदार लागते. स्वयंपाकघरातून हाक येते, बाळा. मी ओ देत नाही.

१९ नोव्हेंबर
परवाना आला नाही. काकूंना रस्त्यात हाक मारली. पुढे निघून गेल्या. ऐकू आलं नसेल. दुसऱ्यांदाही—

२० नोव्हेंबर
नवा मुलगा आलाय. खुशीत आहे. ट्रंक माझ्या खोलीत ठेवली, माझं अंथरूण गुंडाळून बाहेर. मी म्हणालो, अरे, इथे मी— तो शीळ घालत राहिला.
मागून कुणीतरी म्हणालं, सवय होते, बाळा.
फाटक उघडत नाही.

२१ नोव्हेंबर
काकू आल्या आहेत. त्याला विचारतायत, घरात कोण कोण. मी त्याच्या अगदी समोर, वही हातात. त्याने माझ्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. दोघं म्हण, बाळा. एकदाच म्हण. तोंड उघडतोय, म्हणतोय—