दोनाचा आठ केला त्याची हकीकत

सदलगा,
शुक्रवार, २० मार्च

तीर्थरूप नीलाआक्कास,

धाकट्या गोपाळचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितका). मोतीबिंदू काढल्यापासून तुला गॅलरीत बसून खडेबाजारातल्या समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते असं कळलं, फार बरं वाटलं. तरी डोळ्यांना ताण नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय; पत्र लांबलं तर दोष अक्षराचा समजावा. भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? माझी तब्येत उत्तम. मंगळवारपासून गावात माझी थोडी चर्चा चालू आहे, आणि ती वाकडीतिकडी होऊन बेळगावला पोचण्याआधी सरळ पोचावी म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या शाळेचा शिपाई भरमा तुला आठवत असेल (तुझ्या सत्काराच्या वेळी ज्यानं शाल तुझ्याऐवजी प्रमुख पाहुण्यांना घातली, तोच). एकोणतीस वर्षं शाळेचा टोल तो देतोय. टोल म्हणजे वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, आणि भरमाचे गुडघे आता जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरतात. या महिनाअखेरीला तो निवृत्त होतोय आणि त्याच्या जागी कुणी येण्याची चिन्हं नाहीत. शाळा समितीत विज्ञान शिकवलेला मी एकटाच, म्हणून आपोआप वाजणाऱ्या घंटेचं काम मी अंगावर घेतलं आणि तुझ्या स्वरूपला बेंगळूरला फोन लावला. पोरानं आठ दिवसांत पार्सल पाठवलं. सुपारीच्या डबीएवढा संगणक, एक विजेची घंटा आणि सूचनांचा एक कागद. तासांच्या घंटा घड्याळाप्रमाणे आपोआप व्हायच्या. अधूनमधून लागणाऱ्या टोलासाठी मुख्याध्यापिका निवेदिता मॅडमच्या टेबलावर एक बटण. बटण मी चिकोडीहून आणलं. दाबलं की एक टोल.

आता यातलं शास्त्र थोडक्यात सांगतो (तू वकील आहेस, तुला पुढे लागेल). संगणकाच्या पोटात एक मुख्य कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. लष्करातला नव्हे, पण रुबाब तोच. मी वर्गात शिकवत असताना भरमा नोटिशीची वही घेऊन दारात यायचा, तेव्हा मी खडू खाली ठेवायचो, सही करायचो आणि सोडलेल्या ओळीवर परत यायचो. कर्नलचंही तसंच. बटणाच्या तारेवरून हाक आली की हातातलं काम सोडून आधी ती बघायची. याला इंटरप्ट म्हणतात. कुठल्या तारेची हाक कशी ऐकायची हे एका फाइलीत आकड्यानं लिहिलेलं असतं. दोन लिहिलं तर बटण खाली गेलं त्या क्षणी एकदाच हाक. आठ लिहिलं तर बटण खाली आहे तोवर सारखी हाक. स्वरूपनं दोन लिहिला होता.

पहिल्याच सोमवारी मॅडमनी प्रार्थनेसाठी बटण दाबलं आणि एकाऐवजी तीन टोल पडले. आमच्याकडे तीन म्हणजे मधली सुट्टी. प्रार्थनेला हात जोडायच्या वेळी तीनशे चाळीस पोरांनी डबे उघडले. मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. घरी येऊन मी विचार केला, की क्षणाची हाक ऐकताना कर्नलची गडबड होते आहे, त्याला जरा निवांत ऐकू द्यावं. म्हणून दोनाचा आठ केला. एकच आकडा, आक्का. तीस वर्षं पोरांच्या वह्यांतले आकडे दुरुस्त केलेला माणूस मी, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मंगळवारी पावणेअकराला मॅडमनी शिक्षकांना बोलवायला बटण दाबलं. कालचा राग मनात असल्यामुळे जरा जोरात दाबलं, आणि ते आत रुतून बसलं. झालं. कर्नल हाक ऐकून वळतोय तोवर पुन्हा हाक, ती बघून वळतोय तोवर पुन्हा. घंटा चालू करून झाली होती, पण ती बंद करायला त्याला सवडच मिळेना. मी स्क्रीनवर काही टंकायला गेलो तर एक अक्षर उमटेना. चार मिनिटं घंटा अखंड वाजत होती, आणि अखंड घंटा म्हणजे शाळा सुटली. शेवटी भरमानं कपाट सरकवून मागची पिन उपसली, पण तोवर वर्गांत फक्त फळे उरले होते.

इथवर ठीक होतं. पण भर सकाळी शाळा सुटते ती कुणी मोठं माणूस गेलं तरच, हे गावाला माहीत. कोण गेलं असेल? कुणीतरी हिशेब केला की माजी मुख्याध्यापक यल्लाप्पा गुरुजी चौऱ्याऐंशीचे आहेत. अर्ध्या तासात त्यांच्या दारात साठ-सत्तर माणसं. गुरुजी आतून बनियनवर बाहेर आले. ग्रामपंचायतीच्या काळापासून भाषणं करणाऱ्या एका गृहस्थांनी डोळे मिटून सुरुवात केली होती, त्यांना थांबवायचं कुणाला सुचेना. गुरुजींनीही थांबवलं नाही. खुर्ची मागवून घेतली आणि पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "एकोणीसशे ब्याऐंशीची स्कॉलरशिप सांगायची ऱ्हायली. बसा, आलाच हायसा तर च्या घेऊन जावा." मी धावत पोचलो तेव्हा दुसऱ्यांचं भाषण चालू होतं.

दुपारी मी आठाचा परत दोन केला. पण तीन टोलांचा प्रश्न तसाच. भरमा शेजारी बटण साफ करत बसला होता, त्याला अडचण सांगितली. तो म्हणाला, "सर, टोल दिला की रूळ थरथरतोय. ती थरथर सरल्याबिगर मी दुसरा देत न्हाय. ह्येला बी जरा थांबाय सांगा की." मला एकदम उजेड पडला. बटणाची पट्टीही दाबल्यावर थरथरते, आणि कर्नल प्रत्येक थरथरीला नवी हाक समजतो. पहिली हाक घेतली की क्षणभर बाकीच्यांकडे लक्ष द्यायचं नाही, अशी एक ओळ फाइलीत घातली. बुधवारपासून एका दाबाला एकच टोल. भरमा खालच्या बाकावर बसून ऐकतो आणि मान डोलावतो. तेव्हा काळजी नसावी, सगळं मार्गी लागलं आहे.

भाऊजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
गोपाळ

ता. क. १ : हे पत्र स्वरूपला दाखवू नकोस. थरथरीची ती ओळ त्यानं सूचनांच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिली होती. मी कागद काल उलटला.

ता. क. २ : आज सकाळी वरून, शिक्षण खात्याची, कन्नडमध्ये नोटीस आली आहे. शाळा विनापरवानगी का सोडली, आठ दिवसांत लेखी खुलासा द्या. भरमा मॅडमना म्हणाला, "घंटा मी वाजवली म्हणून लिवा. अकरा दिवस ऱ्हायल्यात, माझं काय करणार?" मॅडम गप्प राहिल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही मिनिटभर गप्प राहिलो. त्या मिनिटाची मला सकाळपासून लाज वाटते आहे. खुलाशात त्याचं नाव गेलं तर त्याचे निवृत्तीचे कागद अडकतील.

ता. क. ३ : म्हणून तू मसुदा करून दे. तू जन्मभर कोर्टात कन्नड कागद दिलेस, माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. आकडा गोपाळनं बदलला, विचारता बदलला, भरमाचा संबंध पिन उपसण्यापुरता, असं स्वच्छ लिही. 'विचारता' नव्हे, 'न विचारता'. बघ, मराठीत लिहितानाच हात असा अडखळतो, म्हणून तर तुला सांगतोय.