गाळ कमी आला

तीर्थरूप बाबा,
तुमच्या शेंडेफळाचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. इथली हवा मानवली. तुमचा गुडघा काय म्हणतो?

आमच्या मत्स्यालयातल्या टाकीत एक पाकट मादी आहे, रुंद पंखांचा चपटा मासा. समुद्रात तिच्या जातीचे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. तिला टाकलेली कोळंबी दिसेनाशी व्हायची, म्हणून मी निर्धास्त होते. तिच्या पाण्यातला विष्ठेचा गाळ काढून आम्ही खत करतो. परवा आमच्या बाईंनी गाळाच्या बादलीत नुसतं डोकावलं आणि म्हणाल्या, "गाळ कमी आलाय. ही जेवत नाहीये."

वाळू उकरली, तर सगळी कोळंबी तिच्या पोटाखाली! काय नजर आहे, बाबा! मग बाई टाकीशी बसून तिला हातानं भरवत राहिल्या. आज ती पोटभर जेवली.

तुम्ही मोठ्या कौतुकानं लिहिलंत, की आई गेल्यापासून घरात कचराच होत नाही, खताचा डबा रिकामाच असतो. फोनवर मात्र रोज "जेवलो" म्हणता.

मी आता बाईंच्या हाताखाली शिकतेय, मला फसवणं सोपं नाही. शनिवारी दादा येईल. त्याला तो डबा उघडून बघायला सांगितलंय. भाजीची सालं दिसू देत.

तुमचीच,
ठमी