विमान कोणी उतरवलं?

दादा,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण आज दुपारी रुचा घरी आली, आणि आता हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू तेच कळत नाही.

रुचा म्हणजे तुझी विद्यार्थिनी, त्या दिवशी विमानात तुझ्या शेजारी होती ती. पनवेल स्टँडवर तिला घ्यायला मीच गेले. उजवा हात अजून पट्टीत आहे. रिक्षात बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, विमान मी नाही उतरवलं. सरांनी उतरवलं."

आम्हाला वेगळंच सांगितलं होतं ना! उड्डाण होताच कॉकपिटमध्ये धूर भरला, तू बेशुद्ध पडलास, पोरीने विमान शेतात उतरवलं, आणि तू शुद्धीवर न येताच गेलास. आई त्याच्याच आधारावर उभी आहे. "माज्या पोराला काय कळलंच नाय," असं येईल त्याला सांगते. गावात मात्र लोक कुजबुजतात, मास्तर पडला आणि शिकणारीने निभावलं.

रुचा म्हणाली, धूर दिसताच तू कंट्रोल हातात घेतलेस. मागे वळायला उंची नव्हती, म्हणून समोरचं कापणी झालेलं शेत धरलंस. विमान टेकलं, पण बांधावर आदळून तुझ्या बाजूचं दार चेपलं. तिने तुझा हात धरून ओढलं. तू तिला ढकललंस. "पळ, मी येतो मागनं." ती बाहेर पडली आणि विमानाने पेट घेतला.

येतो म्हणालास, दादा. अडकलायस हे तुला कळलं होतं का? की खरंच वाटत होतं निघशील?

"आधी का नाही बोललीस?" मी चिडूनच विचारलं.

"हॉस्पिटलात बोलता येईपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मग भीती वाटली. आता आईंना सांगायचंय."

मी तिला अडवलं. आईसमोर एक शब्द काढू नकोस म्हटलं. चूक केली का रे? बरोबर केलं असंही वाटेना.

घरी आईने तिला चहा दिला, पट्टीवरून हात फिरवला. "एकटीनं उतरवलंस, पोरी. लय धीट हाय तू."

रुचा हुंदके देऊन रडायला लागली. माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घातली.

खरं सांगितलं तर तुझं नाव उजळेल, पण तू शुद्धीत होतास हे आईला आयुष्यभर जाळेल. लपवलं तर ती निवांत राहील, आणि तू कायमचा बेशुद्ध. तुला काय हवं होतं? असलं काही तू कधी बोलला नाहीस. राग येतो तुझा.

रविवारी रुचाला परत बोलावलंय. या वेळी तिला अडवणार नाही. आईला चिकटून बसेन. नंतर ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही, ठाऊक नाही. पण विमान तिच्या मुलानं उतरवलं, हे तिला कळेल. एवढा शब्द देते.

तुझी,
मनू