बेल्टची चिवचिव

२० एप्रिल, शनिवार

आणि वर मामा म्हणतो काय, तर दोष माझ्या कानात आहे! कानात!!

चर्चच्या आवारात फाटकापासून पायऱ्यांपर्यंत मामाची मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये नेली. सगळा वेळ मागून चिक्... चिक्... चिक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, शिटीत चिमणी अडकल्यासारखं. लायलमामा पायरीवर कॉफी पीत बसलेला. "मला नाही बुवा काही ऐकू आलं." मग त्याच्या अगदी पायाजवळून नेली. तेव्हा कुठे कबूल. तेही कसं? "अकरा वर्षं या गाडीने ब्र काढला नाही. तू बसलीस आणि बोलायला लागली. आता तूच विचार कर, ट्रुडे."

वेग वाढवला की आवाज गायब. पण मला वेगात जायचंच नाहीये ना! ५ मेला आशीर्वादाचा रविवार. अख्ख्या गावाच्या मोटारसायकली एकामागे एक, पहिल्या गिअरमध्ये, फादर स्टॅनच्या समोरून जाणार. फादर पाणी शिंपडणार आणि लोक दोन्ही बाजूंना उभे राहून फक्त गाड्या ऐकणार. आदल्या दिवशी मोटारसायकल क्लबतर्फे डुएनकाका एकेक गाडी तपासणार. तेल गळतंय, दिवा लागत नाही, आवाज चुकीचा येतोय — रांगेतून बाहेर.

मामाची अट साधी आहे. गाडी रांगेतून गेली तर माझी. नाही गेली तर जूनमध्ये विकणार. त्याने स्वतः ऑक्टोबरपासून तिला हात लावलेला नाही. पुरे झालं म्हणतो.

पंधरा दिवस.

२१ एप्रिल

मागचं चाक फिरवणारा बेल्ट धुतला. दोन्ही पुल्या दात घासायच्या ब्रशने साफ केल्या. एकेक दात! बारीक खडी निघाली, थोडा गंज, एक मेलेली गांधीलमाशी. गाडी उचलून स्टँडवर घेतली, चाक हाताने फिरवलं — गप्प. एकदम साळसूद. खाली उतरवली, बसले, दहा फूट गेले.

चिक्.

२३ एप्रिल, मंगळवार

माझ्या भावाला, ब्रेंटला, खरंच बदडायला हवं. मी आत पाना आणायला गेले तेवढ्यात या शहाण्याने बेल्टवर साखळीचं तेल मारलं. अर्धा डबा! "मदत केली गं. माझ्या गाडीला असंच करतो." अरे गाढवा, तुझ्या गाडीला साखळी आहे! हा रबरी पट्टा आहे, याला कोरडंच राहायचं असतं. आणि बघ कसा दैवाचा खेळ — सहा मिनिटं आवाज बंद! ब्रेंट छाती काढून उभा. सातव्या मिनिटाला चिक्, आणि वर सगळ्या रस्त्याची धूळ बेल्टला चिकटलेली.

साबणाच्या पाण्याने दोन तास घासलं. ब्रेंट बादली धरून उभा होता. म्हणाला, "निदान वास तरी छान येतोय ना आता."

२४ एप्रिल

चिक्.

२६ एप्रिल, शुक्रवार

मासे खायला सगळा क्लब जमला होता नेहमीसारखा. चूक माझीच, मी विषय काढला. एक म्हणाला बेअरिंग. दुसरा म्हणाला पुली. तिसरा म्हणाला, त्याच्या मेव्हण्याच्या गाडीत असाच आवाज यायचा आणि ते खारीचं पिल्लू निघालं. डुएनकाका तळलेला मासा माझ्याकडे रोखून म्हणाले, "पोरी, चार तारखेला मला ते ऐकू आलं तर तू मार्जबरोबर सरबताच्या टेबलावर. नात्यागोत्याचं काही चालायचं नाही." मार्जबाईंनी लगेच, "ये गं, मला हात हवेच आहेत." सगळे हसले.

पण एक काम झालं. चालत्या बेल्टवर बाटलीने पाणी मारून पाहिलं. पाण्याने आवाज थांबला तर पुल्या वाकड्या किंवा घाण. पाण्याने वाढला तर बेल्ट सैल. वाढला! म्हणजे सैल! एवढंच होतं तर!

मामाला सांगितलं. त्याने काटा-चमचाच खाली ठेवला. "एक्सलला हात लावलास तर बोटं मोडीन." एक्सल म्हणजे मागच्या चाकाचा आस, तो मागे सरकवला की बेल्ट ताणतो; त्याच्या स्क्रूवर मामाने पांढऱ्या रंगाची रेघ मारलीये, अकरा वर्षांपूर्वी. स्वतः गाडीवर बसून, बेल्ट दाबून, मोजून. "जास्त ताणला की गिअरबॉक्सचं बेअरिंग खातो. रेघ बरोबर आहे. बेल्टही बरोबर आहे. रेघेच्या आधी तू स्वतःला तपास."

स्वतःला!

२८ एप्रिल, रविवार

स्वतःला तपासलं. गाडी हळू चालवते, क्लच नीट सोडते, माझ्यात काही खोट नाही.

चाक सरळ आहे का ते दोन्ही बाजूंनी मोजलं. चार वेळा. केसभरही फरक नाही. बेल्टच्या कडेला कोरडा साबण घासला, हा मार्जबाईंचा उपाय. चर्चला जाईपर्यंत टिकला, येताना नाही. शेवटी मामाला म्हटलं, मी माझ्या पगारातून नवा बेल्ट टाकते. तर असा काही भडकला! "बेल्टला काय धाड भरलीये? चिरलाय? दात गेलेत? धडधाकट वस्तू फेकायची म्हणजे आळस आहे नुसता! दुखणं शोध." आणि फोन ठेवून दिला.

याच्यापेक्षा सायकल बरी.

१ मे, बुधवार

आज डुएनकाकांच्या अंगणात गेले, हात जोडले, म्हटलं काका, एकदा तुम्ही ऐका, तपासणीआधी. ते म्हणाले, "चालवूनच बघतो." बसले. गाडी कण्हली. अंगणातून रस्त्यापर्यंत, परत, मग गॅरेजला वळसा.

काही नाही! एक चिक् नाही!!

"कुठाय आवाज?"

मी बसले. चिक्, चिक्, चिक्. ते बसले. गप्प. मी. चिक्. शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी. डुएनकाका हसून हसून लाल. "गाडीला तू आवडत नाहीस गं!"

घरी येईपर्यंत रडू येत होतं. रागाने. फक्त रागाने.

२ मे

सापडलं! सापडलं! सापडलं!

वजन! डुएनकाका म्हणजे डोंगर, आणि मामा त्यांच्याच मापाचा — गेल्या वर्षी क्लबचे शर्ट अदलाबदल झाले ते दोघांनाही दोन आठवडे कळलं नव्हतं. मागच्या स्प्रिंगा मामाने एवढ्या कडक करून ठेवल्यात की माझ्या वजनाने गाडीचं मागचं अंग जेमतेम दबतं. टेप घेऊन पुन्हा डुएनकाकांकडे गेले, मोजलं: त्यांच्याखाली दोन इंच, माझ्याखाली पाऊण. दबलं की बेल्ट ताणला जातो, वर राहिलं की सैल. पांढरी रेघ चुकीची नाहीच मुळी! ती फक्त मामाच्या वजनाची आहे!!

म्हणजे एक्सलला हात लावायचाच नाही. स्प्रिंगा दोन खाचा सैल करायच्या, दहा मिनिटांचं काम, गाडी माझ्याखालीही तेवढीच बसेल. पण आधी मामाला त्याच्या जुन्या स्प्रिंगांवर बसवून दाखवणार. त्याच्याखाली ती गप्प राहील आणि मग मी म्हणेन, घे, तूही बरोबर, मीही बरोबर.

३ मे, शुक्रवार

मामा बसायला तयारच नव्हता. "नको गं. मला काय दाखवायचंय त्यात." मी पिच्छा सोडला नाही. घाबरलास का म्हटलं. तेव्हा उठला. बाहेर चांगलं ऊन होतं तरी अंगात तो जाड कोट. फाटकापर्यंत गेला.

चिक्... चिक्... चिक्.

झालं! सगळा शोध गेला खड्ड्यात! मी तिथेच पाना आपटला. कुठेतरी मोजण्यात चूक असणार म्हणून मामा गाडीवर असतानाच टेप लावला. काल डुएनकाका बसले तेव्हा मागचा भाग दोन इंच दबला होता, मीच लिहून ठेवलंय. मामाखाली एक इंचाच्या जरा पुढे. पुन्हा लावला. तेवढाच. मी बसते तेव्हा पाऊण.

टेप हातात तसाच राहिला. मग पहिल्यांदा नीट बघितलं मी त्याच्याकडे. कोटाच्या कॉलरमध्ये मान केवढीशी, मनगटावरचं घड्याळ कुठवर घसरलेलं. ईस्टरला आई त्याला म्हणाली होती, छान बारीक झालास, आणि तो हसून म्हणाला होता, बिअर सोडली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या!

त्याने माझ्या हातातला टेप पाहिला. या गाडीचा एकेक बोल्ट त्याला पाठ आहे. गाडी बंद केली, हळूच उतरला, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"जुना झालाय बेल्ट," म्हणाला. "टाक बदलून."

४ मे, शनिवार

सकाळी सात. तपासणी अकराला. स्प्रिंगा सैल केल्या, आवारात दोन फेऱ्या मारल्या. पूर्ण शांत. आता कुणाला काहीही ऐकू येणार नाही.

मामा दहाला येतोय. येताच विचारेल, आवाज कसा घालवलास? खरं सांगू का गं वही, की म्हणू बेल्टच जुना होता?