तिच्या हाताच्या मापाची रायफल

बाबा, तुम्हाला एक रायफल निवडण्याबद्दल विचारायचं होतं. म्हणजे निवडून झालीय, आता विचारून काही बदलणार नाही, पण हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू तेच कळेना. आईला सांगायला गेलो तर ती 'रायफल' शब्दापाशीच थांबली आणि म्हणाली, "तू आधी कॉलेजचं बोल." कॉलेजचं तुम्हाला माहीत नसणार. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. पुढे बारावीला बरे मार्क पडले म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात गेलो, आणि दुसऱ्या वर्षात एका सरांशी वाजलं. त्यांनी सगळ्या वर्गासमोर "घरी कोणी वळण लावलं नाही वाटतं" म्हटलं. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि निघालो तो परत गेलेलो नाही. आता इथे ठाण्यात एका शूटिंग रेंजवर कामाला आहे. टार्गेटचे कागद लावतो, एअर रायफली साफ करतो, शाळेच्या पोरांना पाय कसे रोवायचे ते दाखवतो. रायफल पुसताना कधीकधी माझी मान तुमच्यासारखी डावीकडे कलते, असं आई म्हणते. ती एकदाच रेंजवर आलेली, तेव्हा.

तिथेच ती भेटली. माजिवड्याच्या जुन्या गावठाणातली, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, उंचीने माझ्या खांद्याला लागते आणि बोलण्याने डोक्याच्या वर जाते. शाळेपासून एअर रायफल मारते. नेम बरोबर मधोमध बसला की आनंद वगैरे काही नाही, जीभ टाळूला लावून 'च्च' करते, जणू कुणीतरी तिचं काम वाढवलंय. त्या 'च्च'साठी मी तिचा कागद मुद्दाम हळूहळू बदलायचो. बाबा, तुम्हाला हसू येत असेल तर हसा. मला तिच्याशी नीट दोन वाक्यं बोलायला सहा महिने लागले आणि भांडायला त्यानंतर पंधरा मिनिटं.

तर झालं असं. तिचा मामा कॅनडाहून सुट्टीवर आलाय. तिकडे पार उत्तरेला, जंगलाला लागून राहतो. तिच्या आईने रविवारी मला जेवायला बोलावलं. इंदियाल होतं, डुकराचं, बाटलीच्या मसाल्यातलं, घरभर वास. मामाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काय रं, तुजा बापूस बंदुकीच्या दुकानात व्हता नं? मंग सांग, काळ्या अस्वलाला कंची रायफल घ्यावी?" मला वाटलं थट्टा चाललीय. पण तो खरंच विचारत होता. तिकडे शरदात काळ्या अस्वलाची शिकार परवान्यावर करता येते. किती मारायची तेही ठरलेलं असतं, आणि मांस वाया घालवायचं नाही. मामाच्या फ्रीजरमध्ये हिवाळाभर तेच असतं. "याच मसाल्यात शिजवतो," तो म्हणाला, "पण बराच येळ शिजवाला लागतं. कच्चं राहिलं तर पोटात जंत." तिची आई म्हणाली, "जेवताना जंत काढू नको रं." सगळे हसले. मीही हसलो. मग मामा म्हणाला, "आता हिला पन घेऊन जाईन. परवान्याची परीक्षा दिली की. ऑगस्टला चाललीय नं, वनशास्त्र शिकाला. तिकीट काढलंय." आणि त्याचं ठरलेलं होतं की भाचीला थ्री हंड्रेड मॅग्नम, भल्या दांडग्या ताकदीची, घ्यायची. शेजाऱ्याकडे तीच आहे. "अस्वल हाय, ससा नाय," म्हणाला.

तिने अर्ज केलाय हे मला माहीत होतं. तिकिटाचं माहीत नव्हतं. माझ्या कानात जे गरम झालं ते तुम्ही ओळखाल, तुमच्याकडूनच आलंय. मी म्हणालो, "मग तोफच घ्या ना. अस्वल मरेल, झाड मरेल, पलीकडच्या गावातला पोस्टमनही मरेल." आणि अर्धं ताट टाकून उठलो.

माजिवड्याच्या पुलाखाली बाइक लावलेली. चावी लावतोय तोवर ती घरातल्या चपलांवरच मागून आली. वर पुलावर ट्रक, खाली बसवाल्यांचे हॉर्न, त्यामुळे आम्हाला ओरडूनच बोलावं लागलं.

"आईने सकाळपासून केलेलं जेवण टाकून आलास."

"तिकीट कधी काढलंस?"

"मामाने काढलं, काल. तेच सांगायला बोलावलेलं ना आज, गाढवा! जेवण झाल्यावर सांगणार होते. मामाच्या तोंडाला दम नाही."

मी बाइकची चावी फिरवली.

"तुझं बरंय रे. राग आला की उठायचं. कॉलेजातून उठलास, ताटावरून उठलास. बस, एवढंच येतं तुला."

"मी कुठे जातोय? जातेयस तू."

"हो, जातेय. जाणारच. आणि रायफलही घेणार. मामा मॅग्नम म्हणतो. ती माझ्या खांद्याला झेपेल का, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. मला वाटलेलं तू विचारशील." एवढं म्हणून ती वळली. मग परत वळून म्हणाली, "आणि पोस्टमनचं काय मध्येच?"

बाबा, त्यानंतरचे काही दिवस माझ्या डोक्यात जे चाललं ते बरं नव्हतं. मला मॅग्नमचा धक्का माहीत आहे, म्हणजे वाचून आणि रेंजवर येणाऱ्या निवृत्त फौजींकडून ऐकून. तिच्या अंगाच्या माणसाला पहिल्याच गोळीला खांदा बधिर होतो. दुसऱ्या गोळीच्या आधीच डोळे मिटायला लागतात, ट्रिगर दाबायच्या ऐवजी झटकला जातो. मी फक्त एवढंच म्हणायचा अवकाश होता, "हो मामा, मॅग्नमच बरी." मग ती त्या जंगलात पहिल्या दिवशी मार खाईल, रायफलीला घाबरेल, कदाचित जंगलालाच कंटाळेल. एक चुकीचं नाव घ्यायचं, आणि ती परत. कुणाला कळलंही नसतं. मी फोन हातात घेऊन ते वाक्य टाइप केलेलं.

तेव्हा तुम्ही आठवलात. कल्याणचं दुकान, शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर मी तुमच्यासाठी डबा घेऊन आलेलो. मुरबाडकडचा एक शेतकरी आलाय, रानडुकरं भात तुडवतात म्हणून पीकरक्षणाचा परवाना काढलेला. त्याला दुकानातली सगळ्यात दणकट हवीय. तुम्ही बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याचं त्याला दाखवता, त्याच्या हातात देता आणि म्हणता, "डोळे मिटा. आता खांद्याला लावा. हं, उघडा." तो उघडतो. "काय दिसतं?" "छत दिसतं," तो म्हणतो. तुम्ही दुसरी देता. परत डोळे मिटा, परत उघडा. तिसऱ्या वेळी तो हळूच म्हणतो, "आता नळीच्या टोकाची नेमाची माशी बरोबर समोर आली." आणि तुम्ही म्हणता, "ही तुमची." ती तिन्हींत सगळ्यात साधी होती. मी मध्येच विचारलं, "बाबा, पण सगळ्यात मोठी कुठली?" तर तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्यावर खेकसलात, "मोठी कुणाच्या मानाने? आधी माणूस बघ, मग बंदूक." मला वाईट वाटलेलं. डबा तसाच ठेवून मी पायरीवर जाऊन बसलो. तुम्ही नंतर त्यातली अर्धी पोळी आणून दिलीत, माफीबिफी काही मागितली नाहीत.

आणि ठाकुर्लीचं आपलं घर. तिथला स्वयंपाकाचा ओटा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ओट्यांपेक्षा बुटका का, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. आईने मागच्या वर्षी सांगितलं. ओटा बांधताना तुम्ही तिला लाटणं धरून उभं केलंत, कोपर वाकवायला लावलंत, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या हाताचं कोपरापासून बोटापर्यंत माप घेता तसं तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलंत. गवंडी म्हणाला, "साहेब, सगळे बत्तीस इंच ठेवतात." तुम्ही म्हणालात, "सगळ्यांची बायको ही आहे का?" आई हे सांगताना लाजली, बाबा. या वयात. मी फोनवरचं ते वाक्य पुसलं आणि तिला लिहिलं, 'मामाला घेऊन कल्याणला ये.'

त्या दुकानाचे मालक, तुमचे शेठ, अजून आहेत. केस पांढरे, चष्मा जाड, पण गल्ल्यामागून उठून मला म्हणाले, "तू त्याचाच. चालतोस तसाच, भांडायला निघाल्यासारखा." मी सगळं सांगितलं. मामाला आधी हे पोरखेळ वाटत होतं. शेठनी भिंतीवरची एक शिकारी रायफल उतरवली, बोल्ट उघडला, आत बोट घालून रिकामी असल्याचं दाखवलं आणि ती माझ्याकडे दिली. मी म्हणालो, "डोळे मीट." ती म्हणाली, "इथे? सगळ्यांसमोर?" मामा खो खो हसला. तिने डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. "काय दिसतं?" "दिसतंय काय, याला जिराफाची मान लागेल." दस्ता लांब होता. मग मी तिचा कोपर वाकवला, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं. बोट ट्रिगरपर्यंत पोचेना, चांगलं दीड बोट कमी पडत होतं. तिचा हात माझ्या हातात होता आणि मी माप सांगत होतो. आवाज नीट राहिला, एवढंच सांगतो.

मामाने ते पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "म्हंजे दस्ता कापाला लागंल." मी म्हणालो, "आखूड दस्त्याच्या मिळतात, नाहीतर तिकडचा मिस्त्री कापून देईल, मागे जाड रबर लावून. आणि मॅग्नम नको. तुमच्या जंगलात किती लांबून मारता?" "शंभर यार्ड, कधी त्याहून कमी. झाडी असते." "मग मॅग्नमची ताकद कुणासाठी? सेव्हन एमएम झिरो-एट घ्या. धक्का कमी, काळ्या अस्वलाला पुरून उरेल. गोळी मात्र चांगली, हाडावर न फुटणारी, आरपार जाणारी. अस्वलाची चरबी भोक बुजवते, रक्त खाली पडत नाही, माग सापडत नाही." हे सगळं मी रात्रंदिवस वाचलेलं, त्यामुळे जरा जास्तच जोरात बोललो. मामा शांतपणे म्हणाला, "सगळं बराबर. पन आमच्या गावात दुकान एकच. तुजी झिरो-एट तिथं कधी मिलते, कधी नाय. थ्री-ओ-एटच्या गोळ्या पेट्रोल पंपावर पन मिलतात. ही पोरगी बर्फात गोळ्यांसाठी कुठं फिरल?"

कानात परत गरम व्हायला लागलेलं. शेठ माझ्याकडे बघत होते, तीही बघत होती, आणि दार माझ्या मागेच होतं. पण मामा बरोबर बोलत होता. त्याने पहिल्यांदा अस्वलाचा विचार सोडून तिचा विचार केलेला, आणि तो माझ्या आधी केलेला. मी म्हणालो, "थ्री-ओ-एट. धक्का मॅग्नमपेक्षा बराच कमी. पण एकदम हलक्या वजनाची नको, हलकी खांद्याला जास्त मारते. दस्ता आखूड, रबर जाड. आणि पहिला महिना हिला सरावाच्या छोट्या पॉइंट टू-टूवरच ठेवायचं." मामाने हात पुढे केला. म्हणाला, "तोफ क्यान्सल." मग ती म्हणाली, "मला विचारणार आहे का कोणी?" आम्ही दोघं तिच्याकडे वळलो. ती म्हणाली, "चालेल. पण कुठलं अस्वल मारायचं, मारायचं की नाही, ते मी ठरवणार. पिल्लं बरोबर असतील तर मी रायफल खाली ठेवणार, मामा, आधीच सांगते." मामा म्हणाला, "पिल्लंवाली मारलीस तर मीच तुला घरी पाठवीन."

निघताना शेठ मला म्हणाले, "तुझ्या बापाच्या हाताखालचं काम शिकलेलं आता कोणी नाही. सकाळी येत जा, रेंज दुपारी असते ना?" मी हो म्हणालो. विचार न करता हो म्हणालो, पण यावेळी राग नव्हता. बाहेर मामा रिक्षा बघत होता तेव्हा ती म्हणाली, "दोन वर्षांचा कोर्स आहे. तोवर एक तरी गोष्ट पूर्ण कर. कुठलीही." मी विचारलं, "आणि मग?" ती म्हणाली, "मग मी आले की बघू, पूर्ण केलीस का ते." आले की, म्हणाली ती. आले तर नाही. मी ठाकुर्लीपर्यंत तो एकच शब्द घोळवत आलो.

या सोमवारपासून शेठकडे जातोय. पहिल्या दिवशी त्यांनी एका जुन्या बारा बोअर बंदुकीचा दस्ता घासायला दिला आणि तासाभराने सांगितलं, परत घास. मी पुन्हा घासला. आईला अजून सांगितलेलं नाही, आठवडा टिकलो की सांगेन. हा कागद इथेच राहणार, तुम्हाला पाठवायची सोय कुणाकडेच नाही, आणि मला तुमच्या अक्षरातलं उत्तर वाचायचा धीरही झाला नसता. फक्त एक गोष्ट आहे, जी मी तिला, मामाला, शेठना कुणालाच सांगितली नाही. रायफल मी मनापासून निवडली, त्यात कसूर नाही. तिच्या हातून ती कधी दगा देणार नाही. पण रोज सकाळी उठलो की मी आधी त्या काळ्या अस्वलासाठी देवापाशी हात जोडतो, त्याने तिच्या नेमासमोर कधी येऊ नये म्हणून.